आर दिसला की फोन कट

चारही फोन दत्ताकाकांच्या पडवीतल्या कठड्यावर ओळीने ठेवले होते. तीन फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या. चौथा मुका होता, पण तो मुका असणार हे मला घरून निघतानाच माहीत होतं. शेजारी पाचवा फोन, काकांचा. त्यावर 'नो सर्व्हिस'.

"बघ," काका म्हणाले. "मी काय खोटा बोलत होतो?"

काकांचं सिम आणि माझ्या पहिल्या फोनमधलं सिम एकाच कंपनीचं. दोन फोनांमध्ये वीतभर अंतर. हवेतून येणारा सिग्नल एका फोनला दिसतो आणि शेजारच्याला दिसत नाही, असं सहसा होत नाही. मी दोन्ही फोनांची जागा बदलून पाहिली. काही फरक नाही. मला घाम फुटायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मजा वाटायला लागली.

मी ड्राइव्ह टेस्ट इंजिनियर आहे. आमच्या नातेवाइकांना वाटतं, मी गाडी चालवायची परीक्षा घेते. लग्नकार्यात दोघातिघांनी मुलांच्या लायसन्ससाठी शब्द टाकायलाही सांगितलंय. माझं काम वेगळं. गाडीत एक लॅपटॉप, त्याला जोडलेले चार फोन, प्रत्येकात एकेका कंपनीचं सिम. गाडी हळू चालते, फोन आपोआप कॉल लावतात, तोडतात, इंटरनेट वापरतात, आणि कुठल्या वळणावर कोणाचा सिग्नल किती हे लॅपटॉपवर उमटत जातं. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात. आकडा नेहमी उणे. उणे ऐंशी म्हणजे छान. उणे एकशेवीस म्हणजे बोलणं कमी आणि "हॅलो, हॅलो" जास्त. कंपन्यांची नावं मी इथे सांगणार नाही, कारण मला सगळ्यांकडूनच पुढे काम हवंय. अ, ब, क, ड म्हणू.

गाडी इरफान चालवतो. तो मिरकरवाड्याचा. घरचे सगळे मासेमारीत, याला बोट लागते म्हणून हा स्टिअरिंगवर आला. फोनमधलं त्याला काही कळत नाही, पण मत प्रत्येक गोष्टीवर असतं.

या वेळचं काम कंपनीचं नव्हतं, रत्नागिरीतल्या एका संस्थेचं होतं. गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ही संस्था रोज सकाळी फोन करून विचारपूस करते. फोन उचलला नाही, तर जवळपासच्या कोणाला तरी घरी पाठवते. कल्पना साधी आणि चांगली. फक्त फोन लागायला हवा. म्हणून प्रत्येक वाडीत कुठल्या कंपनीचं सिम भरवशाचं, याची तुलना त्यांना हवी होती. बावकोंडची खालची वाडी त्यात पहिली घेतली, कारण तिथे दत्ताकाका होते आणि त्यांच्याकडे फक्त शनिवारपर्यंतचा वेळ होता.

काका जहाजावर खलाशी होते. आयुष्य पाण्यावर गेलं आणि निवृत्त होऊन खाडीकाठच्या आपल्या घरी आले. पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. एकुलती मुलगी संगीता विरारला. थंडीत काकांची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी चढ चढायला बंदी केली. आता गंमत अशी, की वाडीत रेंज नाही. रेंज वरच्या देवळाजवळ. तिथे जायला पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, आणि ती उभी. इतकी वर्षं काका रोज संध्याकाळी पाखाडी चढून जायचे, देवळाच्या चौथऱ्यावर बसून मुलीला फोन करायचे आणि खाली यायचे. ते बंद झालं. संगीताने सांगून टाकलं, "शनिवारी येतेय. घरात फोन लागत असेल तर राहा. नसेल तर बॅग भरून ठेवा."

"विरारला जाऊन मी काय करू, बाय?" काका मला विचारत होते. "पोरगी कामाला, जावई कामाला. मी दिवसभर ग्यालरीत उभा राहून समोरच्या ग्यालरीतला म्हातारा बघायचा. तो माज्याकडे बघणार. इथं निदान खाडी हाय."

मी लॅपटॉप पुढे ओढला. माझ्याकडे डीबीएम होते.

बरं, सिग्नल होता कुठून? खालच्या वाडीच्या डोक्यावर सडा आहे. सडा म्हणजे आमच्याकडचं कातळाचं सपाट माळरान. अ कंपनीचा टॉवर त्या सड्यावर, पण बराच आत. त्याचा सिग्नल सड्याच्या कडेपर्यंत येतो आणि वाडीच्या डोक्यावरून निघून जातो. वाडी बिचारी उताराच्या पायथ्याशी, सावलीत. मात्र अलीकडेच खाडीच्या पलीकडच्या सड्यावर ब कंपनीने नवा टॉवर उभारला होता. त्याच्या आणि वाडीच्या मध्ये फक्त पाणी. काकांच्या पडवीतून तो टॉवर दिसतो. सिग्नल यायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

हा टॉवर सरकारी योजनेतून, वाटून वापरायचा म्हणून उभा केलेला. टॉवर ब चा असला, तरी अ आणि क चे ग्राहकही त्यावर चालतात. याला रोमिंग म्हणतात. आपल्या कंपनीचा टॉवर नसेल तिथे आपला फोन दुसऱ्याच्या टॉवरवर पाहुणा म्हणून जाऊन बसतो. पाहुणा बसलाय हे कळावं म्हणून बऱ्याच फोनांवर काड्यांच्या शेजारी इंग्रजी आर अक्षर दिसतं. ग्राहकाला त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. ड कंपनीचं हे जुळवून घेणं अजून झालेलं नव्हतं, म्हणून तो फोन मुका.

मी माझ्या साहेबांना फोन लावला. आमचे साहेब पुण्यात बसतात. त्यांच्यासमोर मोठा नकाशा असतो. चांगला सिग्नल हिरवा, वाईट लाल.

"बावकोंड ना? हिरवं आहे की," साहेब म्हणाले.

"हिरवं आहे, सर. पण फोन लागत नाही."

"तुझे लागतायत ना?"

"माझे लागतात. इथल्या माणसाचा लागत नाही."

"मग त्याचा फोन बिघडलाय. हँडसेट प्रॉब्लेम लिही आणि पुढच्या गावाला निघ. नाहीतर ब चं सिम घ्यायला सांग त्याला. विषय संपला."

ब चं सिम. हा विचार माझ्याही मनात आला होता. ब वाडीत राजा होता, उणे अठ्ठ्याहत्तर, कुठल्याही शहराने हेवा करावा असा. पण सकाळी येताना मी सगळा रस्ता मोजत आले होते. वाडी सोडली, की पालीचा फाटा येईपर्यंत ब चा फोन जवळजवळ मुका. त्याच रस्त्यावर अ जवळपास अखंड. काकांना महिन्यातून एकदा तपासणीला रत्नागिरीला जावं लागतं. रस्त्यात छातीत कळ आली तर घरी चालणारं सिम काय कामाचं? घरात रोमिंगवर आणि रस्त्यात स्वतःच्या टॉवरवर, असं दोन्हीकडे चालणारं सिम एकच, ते अ चं, आणि ते काकांकडे आधीपासून होतं. तुलनेचं उत्तर त्यांच्या हातातच होतं. फक्त ते चालत नव्हतं.

"सर, मी जरा थांबते इथे," मी म्हटलं.

"अगं, आज तीन गावं आहेत!"

"आवाज तुटतोय, सर," मी म्हटलं. उणे अठ्ठ्याहत्तरवर आवाज तुटत नाही, हे साहेबांना कळायला थोडा वेळ लागला असेल.

आधी शेजारी पाहिलं. काकांच्या खालच्या अंगाला सुलूवहिनी राहतात. त्यांचा फोन वेगळ्या मेकचा, सिम क चं. तोही 'नो सर्व्हिस'. त्यांच्या पलीकडे एक घर, तिथेही तेच. वाडीतल्या ज्या ज्या घरात माणूस होतं, तिथे जाऊन आले. ब चं सिम वाडीत एकाकडेही नव्हतं, कारण टॉवर येण्याआधी ते घेऊन कोणाला काय उपयोग? बाकी सगळे फोन बंद. म्हणजे बिघडला तर अख्ख्या वाडीचा फोन एकदम बिघडला होता.

"मॅडम, मला वाटतं पाण्यात काहीतरी आहे," इरफान म्हणाला.

"फोन पाणी पितो काय रे?"

"तसं नाय, खाऱ्या वाऱ्याने आतलं पितळ खातं. आमच्या बोटीवरचा रेडिओ असाच गेला."

मग मी नीट पद्धतीने कामाला लागले. काकांचं सिम काढून माझ्या जादा फोनमध्ये घातलं. क्षणात काड्या उभ्या राहिल्या. म्हणजे सिम निर्दोष. सिम परत काकांच्या फोनमध्ये घातलं आणि इरफानला तो फोन घेऊन पाखाडीने देवळापर्यंत पाठवलं. तो कुरकुरत गेला आणि घामाघूम होऊन परत आला.

"वर एकदम फस क्लास लागतो, मॅडम. मी घरीपण फोन करून घेतला."

"काकांच्या फोनवरून?"

"टेस्टिंग म्हणून."

म्हणजे फोनही निर्दोष. सिम चांगलं, फोन चांगला, सिग्नल डोळ्यांसमोर, आणि तिन्ही एकत्र आले की शून्य. सुलूवहिनींनी चहा आणला. काका माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जणू डॉक्टर रिपोर्ट वाचतोय आणि काही बोलत नाही.

"होईल ना ता?" त्यांनी विचारलं.

"होईल, काका. का होत नाही ते आधी कळू दे."

आता उरली फक्त फोनच्या आतली सेटिंग्ज. खरं तर तिथे मी आधीच बघायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. पण वाडीभरच्या वेगवेगळ्या फोनांत एकच सेटिंग चुकलेलं असेल, हे कोणाच्या डोक्यात येईल? मी काकांच्या फोनचं मोबाइल नेटवर्कचं पान उघडलं. तिथे नेटवर्क निवडायचे दोन प्रकार असतात. आपोआप ठेवलं, तर फोन स्वतः शोधतो आणि कुठलाही चालण्याजोगा टॉवर धरतो. हाताने ठेवलं, तर तुम्ही सांगाल त्याच कंपनीचा टॉवर धरतो आणि दुसऱ्या कोणाकडे ढुंकून बघत नाही. काकांचा फोन हाताने अ कंपनीवर बांधलेला होता. खाली रोमिंगचं बटण होतं, तेही बंद. फोन समोरचा टॉवर बघत होता आणि इमानदारीने त्याला नाही म्हणत होता.

मी सुलूवहिनींचा फोन मागितला. हाताने क वर बांधलेला. रोमिंग बंद. पलीकडच्या घरचा फोन आणवला. तसाच.

ही गोष्ट आपोआप होत नाही. फोन विकत घ्याल तेव्हा नेटवर्क आपोआप शोधण्यावरच असतं. ते बदलायला चार पानं आत शिरावं लागतं. कोणीतरी प्रत्येक घरात जाऊन, प्रत्येक फोन हातात घेऊन, हे मुद्दाम केलं होतं.

"फोनचं सेटिंग कोणी केलं हे?" मी विचारलं.

इरफान सुलूवहिनींकडे बघायला लागला. सुलूवहिनी काकांकडे.

"ता आमच्या दत्ताकाकांनीच केलानी," वहिनी म्हणाल्या. "टावर चालू झाला ना, त्याच आठवड्यात. घरोघर फिरून सगळ्यांचे करून दिलानी."

काका कठड्यावरून उठले. चेहऱ्यावर अपराध वगैरे काही नव्हता. उलट जरा अभिमान होता.

"केला मी. केला म्हणून वाडी वाचली," ते म्हणाले. "टावर लागला आणि सगळ्यांच्या फोनात आर आला. म्हणजे रोमिंग लागला ना! मी म्हटलं, हे कंपनीवाले गुपचूप लुटणार. एकाचा पण पैसा जाऊ दिला नाय मी."

मी काही बोलणार होते, पण त्यांनी बसायची खूण केली. मी बसले, कारण मला आता ते ऐकायचंच होतं.

तुम्ही पंचविशीच्या आतले असाल तर हे तुम्हाला खोटं वाटेल. पूर्वी मोबाइलच्या हिशेबात मुंबई वेगळी आणि बाकीचा महाराष्ट्र वेगळा होता. मुंबईचं सिम घेऊन रत्नागिरीत आलात, की तुम्ही परमुलखात. रोमिंग लागायचं. फोन करायचे पैसे तर पडायचेच, आलेला फोन उचलायचेही पडायचे. आणि खालच्या वाडीत सगळ्यांकडे मुंबईचंच सिम, कारण फोन घेऊन देणारी मुलं मुंबईला. म्हणजे ही माणसं आपल्याच देवळाच्या चौथऱ्यावर बसून परदेशात असायची. काका तर खरेच परदेशात असायचे. बंदरात बोट लागली की खलाशांना पहिली ताकीद मिळायची, फोनवर आर दिसला तर हात लावू नका. एका सोबत्याने कुठल्याशा बंदरातून घरी मनसोक्त गप्पा मारल्या आणि नंतर बिल बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं, ही गोष्ट काकांनी मला दोनदा सांगितली.

"मग तुम्ही घरी कसं कळवायचात?" मी विचारलं.

"मिस कॉल. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन रिंग म्हणजे बरा हाय. तीन रिंग म्हणजे मी बूथवर जातोय, तिथून करतो. आणि घरून आलेला फोन आर असताना उचलायचा नाय, कट करायचा. कट केला म्हणजे मिळाला, असा." काका हसले. "संगीता शाळेत होती तेवापासून तिला पाठ. तिची आई रागवायची. सांगायची, कधी आवाज तरी ऐकवा."

वाडीत 'रोमिंग लागलं' हा वाक्प्रचारच झालेला. दृष्ट लागावी, बाधा लागावी, तसं रोमिंग लागतं. सुलूवहिनी म्हणाल्या, मुंबईहून आलेला पाहुणा चार दिवस झाले तरी जायचं नाव काढत नसेल, तर त्यालाही रोमिंग लागलंय म्हणतात. तेव्हा फोनवर आर उमटल्यावर दत्ताकाकांनी जे केलं, ते आजार ओळखून लगेच औषध द्यावं तसं होतं. फक्त आजार कधीच संपलेला होता.

मी त्यांना समजावलं. देशातल्या देशात आता रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत, येणारा फोन तर फुकटच आहे, आणि हा टॉवर वाटून वापरायलाच बांधलाय. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"कंपनी फुकट कशाला देईल?" ते म्हणाले.

प्रश्न चुकीचा नव्हता. मग मी त्यांच्या फोनवर आपोआप शोधायचं सेटिंग लावलं, रोमिंग चालू केलं, त्यांना बॅलन्स दाखवला, इरफानच्या फोनवर कॉल लावायला लावला, बोलून झाल्यावर पुन्हा बॅलन्स दाखवला. जसाच्या तसा. काकांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"हा तेवा पाहिजे होता गो आपल्याला," ते सुलूवहिनींना म्हणाले.

आता खरी चाचणी. मी संगीताला माझ्या फोनवरून मेसेज केला, वडिलांच्या नंबरवर फोन करा, घरातच लागतोय. आम्ही सगळे कठड्याभोवती उभे. पडद्यावर पाच काड्या आणि बाजूला आर. काही क्षणांत फोन वाजला. संगीताचं नाव आलं.

काकांनी अंगठ्याने फोन कट केला.

"काका!" मी ओरडलेच.

"अरे, चुकून झाला." ते स्वतःच दचकले होते.

फोन पुन्हा वाजला. काकांनी हातात घेतला, पडद्याकडे पाहिलं आणि अंगठा पुन्हा लाल गोळ्यावर गेला. कट. मी तुम्हाला खरं सांगते, त्यांना कट करायचाच नव्हता. डोळ्यांना आर दिसला आणि अंगठ्याने इतक्या वर्षांचं काम केलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पलीकडे संगीता. आवाज चढलेला, खाली भीती.

"मॅडम, बाबा फोन कट करतायत! काय झालंय तिथे? ठीक आहेत ना? खरं सांगा."

"ठीक आहेत. समोर उभे आहेत. रोमिंग दिसलं म्हणून कट केला."

"अजून?" ती म्हणाली. "ते रोमिंग अजून संपलं नाही?"

तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा इरफानने काकांचा अंगठा धरला. अक्षरशः धरला. मी हिरव्या गोळ्यावर बोट ठेवलं आणि फोन त्यांच्या कानाला लावला.

काका ताठ उभे राहिले. "पोचलो," ते मोठ्याने म्हणाले. "बरा हाय. ठेवतो."

"कुठे पोचलात, बाबा?" स्पीकर चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. "घरीच आहात ना तुम्ही?"

सुलूवहिनींनी पदर तोंडाला लावला. इरफान वळून खाडीकडे बघायला लागला, खांदे हलत होते. काकाही हसले, पण संगीता हसली नाही.

"बाबा, ऐका," ती म्हणाली. "रेंज आली, बरं झालं. पण तुम्ही फोन कट करणार असाल तर मला काय कळणार? कट केला म्हणजे बरे आहात असं मी लहानपणी समजायचे. आता कट झाला तर माझा जीव जातो. मी शनिवारी येतेच आहे. तोपर्यंत रोज करीन. एकदा जरी कट केलात, तरी बॅग भरायची. चालेल?"

"चालेल," काका म्हणाले आणि सवयीने लगेच फोन ठेवला.

तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते माझ्या कुठल्याही यंत्रात मोजता येणारं नव्हतं. संस्थेची बाई सकाळी फोन करणार, काका आर बघून कट करणार, संस्था घाबरून माणूस पाठवणार, आणि काका अंगणात निवांत चहा पीत बसलेले. असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी कोणी येणार नाही. आणि नेमकी ती पाचवी वेळ खरी असली तर? हा विचार मला गाडीत बसल्यावरही सुटेना.

संध्याकाळी साहेबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, बाकीची गावं राहिली म्हणून आता बोलणी खाणार.

"म्हणजे कव्हरेज आहे, रोमिंग आहे, आणि माणूसच नाही म्हणतोय?" ते म्हणाले.

"हो, सर."

"हे रिपोर्टमध्ये कुठल्या रकान्यात टाकायचं?"

"रकाना नाहीये, सर."

"मग शनिवारी परत जा," साहेब म्हणाले. "रिपीट टेस्ट म्हण. मला पण कळू दे काय होतं ते." साहेबांबद्दल माझं मत त्या वाक्याने बरंच सुधारलं.

शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा वाडीत फोनांची वाजावाज चालू होती. काका आधीच्या दिवसांत पुन्हा घरोघर फिरले होते, स्वतः बांधलेले सगळे फोन स्वतः सोडवत. प्रत्येक घरात आधी आपली चूक सांगत होते आणि मग सेटिंग करत होते, असं सुलूवहिनींनी कौतुकाने सांगितलं. स्वतःच्या फोनवर त्यांनी वेगळाच उपाय केला होता. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे आर दिसतो तिथे, चिकटपट्टीचा तुकडा लावला होता.

"दिसला नाय तर हात जाणार नाय," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत इतकं स्वस्त आणि इतकं नेमकं दुरुस्तीचं काम मी पाहिलं नाही. आठवडाभरात एकही फोन कट झाला नव्हता.

संगीता सकाळच्या गाडीने आलेली. मोठी बॅग बरोबर, रिकामी. ती पडवीत ठेवलेली होती आणि काका तिच्याकडे बघायचं टाळत होते. संगीताचं वागणं खडूस नव्हतं. दमलेली, घाबरलेली मुलगी होती ती. मला म्हणाली, "मॅडम, मी खाली धक्क्यावर जाऊन फोन लावते. तुम्ही काही सांगू नका. त्यांना त्यांचं करू दे."

ती खाडीच्या धक्क्यापर्यंत गेली. पडवीतून तिचा पिवळा ड्रेस दिसत होता. फोन वाजला. काकांनी तो एका रिंगमध्ये उचलला.

"हॅलो," ते म्हणाले. आणि मग अडकले. पोचलो म्हणायचं नव्हतं, बरा हाय हे ती बघून गेली होती, आणि तिसरं वाक्य त्यांना येत नव्हतं. मी लॅपटॉपकडे बघितल्यासारखं केलं.

"जेवायला काय करू तुला?" अखेर ते म्हणाले. "सुलूकडून शिंपल्यातली कालवं आणलीत. तुझी आई करायची तशी करतो... नाय, मला येतात. ती करायची तेवा मी बघत असायचो. सुट्टीवर आलो की काय काम असायचा मला? चुलीजवळ बसून बघायचो." आणि मग ते थांबेचनात. आईने संगीताच्या बारशाला काय केलं होतं, ते स्वतः तेव्हा कुठल्या बंदरात होते, बातमी कळायला किती उशीर झाला, कळल्यावर बोटीवरच्या भांडाऱ्याने, म्हणजे आचाऱ्याने, सगळ्यांना शिरा कसा खाऊ घातला. ही सगळी हकीकत समोर बसून कधी सांगितली असेल असं वाटलं नाही. धक्क्यावरचा पिवळा ड्रेस कधीच खाली बसला होता. काकांचा फोन जोडलेल्या लॅपटॉपवर कॉल चालू असल्याची रेघ सरळ पुढे जात होती, एकदाही न तुटता.

बऱ्याच वेळाने ती वर आली. फोन अजून कानाला, डोळे लाल. तिने काकांसमोर उभं राहून फोनमध्येच विचारलं, "बाबा, एवढं तुम्ही कधी बोलला नाहीत माझ्याशी."

काकाही फोन कानाला धरूनच होते.

"परवडत नव्हता, बाय," ते म्हणाले.

संगीता रविवारी परत गेली. बॅगेत नारळ, कोकम आणि सुकं म्हावरं भरून नेलं, काकांना नाही नेलं. संस्थेचा सकाळचा फोन काका उचलतात, आणि तिथली बाई तक्रार करते की ते लवकर ठेवत नाहीत. मी रिपोर्ट दिला. खालच्या वाडीसाठी अ ची शिफारस, रस्त्यामुळे. ब दुसऱ्या नंबरवर. क वाडीत ठीक, रस्त्यात तुटक. ड तूर्तास नको. सगळं रकान्यांत नीट बसलं. खाली साहेबांनी स्वतःहून एक नवा रकाना घातला आणि आता तो आमच्या प्रत्येक ग्रामीण रिपोर्टमध्ये असतो. त्यात सिग्नलचा आकडा नसतो, एका प्रश्नाचं उत्तर असतं. नव्या गावात गेलं की मी आधी कोणत्याही घरात शिरून तोच प्रश्न विचारते आणि मगच लॅपटॉप उघडते: फोन वाजला की तुम्ही काय करता?